एका दिवसाची वाट, चार महिन्यांची तयारी

"मी पेरूला चाललेय," असे आत्याने फोनवर सांगितले, तेव्हा तिच्या धाकट्या जावेने पलीकडून विचारले, "किती किलो आणणार आहात?"

आमच्या घरात हा विनोद पुढे चार महिने पुरला. पण आत्या खरोखरच पेरूला निघाली होती. फळाच्या नव्हे, देशाच्या! साताऱ्याच्या शाळेत तिने एकतीस वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढताना अँडीज पर्वताची रांग ती तपकिरी खडूने, न उचलता, एका रेषेत काढायची, असे तिचे विद्यार्थी अजून सांगतात. तो पर्वत तिने पाहिला मात्र कधीच नव्हता. निवृत्तीनंतर हातात थोडे पैसे आले आणि एके दिवशी ती मला म्हणाली, "माचू पिचूला आगगाडीने जाता येतं, हे मला ठाऊक आहे. मला चालत जायचंय. येतेस?"

तेव्हा आत्याचे वय होते एकोणसाठ. रक्तदाबाची एक गोळी रोजची. उजवा गुडघा थंडीत कुरकुरणारा. आतोबांचे मत स्पष्ट होते : "अजिंक्यतारा घरामागे असताना पृथ्वीच्या पाठीवर जाऊन डोंगर कशाला चढायचा?" मी पस्तिशीची, धडधाकट, वर्षातून दोन-तीन गड करणारी. त्यामुळे काळजी करायची ती आत्याचीच, असे सगळ्यांनी गृहीत धरले. मीसुद्धा! पुढे काय झाले ते सांगतेच. पण आधी ही वाट कोणती ते पाहू या.

वाट कोणती?

इंका हे दक्षिण अमेरिकेतले एक बलाढ्य साम्राज्य. पंधराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे दख्खनमध्ये बहामनी सुलतानांचे राज्य होते त्या काळात, ते वाढीला लागले. या लोकांकडे लिपी नव्हती, लोखंड नव्हते, ओढायला चाकाची गाडी नव्हती. हिशेब ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. तरीही त्यांनी डोंगरदऱ्यांतून तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्यांचे जाळे वापरात आणले. आज हे जाळे सहा देशांत पसरलेले आहे आणि २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

माचू पिचू हे याच साम्राज्यातले डोंगराच्या खोगिरावर वसवलेले नगर. १५३२ साली स्पॅनिश सरदार पिझारो याने इंकांचा सम्राट अताहुआल्पा याला कैद केले आणि साम्राज्य कोसळले. हे नगर ओस पडले, झाडोऱ्यात गेले. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन अभ्यासकाने ते जगापुढे आणले. त्याला तिथवर नेले मात्र एका स्थानिक शेतकऱ्याने! आजूबाजूच्या लोकांना ही जागा माहीत होतीच. १९८३ पासून माचू पिचूही जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिथे पायी जाण्याची प्रसिद्ध वाट चार दिवसांची आहे. पण ज्यांना तंबूत राहणे जमणार नाही, त्यांच्यासाठी त्याच वाटेचा शेवटचा टप्पा एका दिवसात करता येतो. उरुबांबा नदीच्या काठाने जाणारी आगगाडी एकशे चार किलोमीटरच्या खुणेपाशी मिनिटभर थांबते. फलाट नाही, स्टेशन नाही. पायऱ्यांवरून खाली उतरायचे, पुलावरून नदी ओलांडायची आणि चढायला लागायचे. अंतर सुमारे १२ किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास. वाटेत तीन ठिकाणे लक्षात ठेवण्यासारखी : सुरुवातीलाच चाचाबांबाचे अवशेष, अर्ध्याहून अधिक वाट संपल्यावर विन्याय वायना हे पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीचे सुंदर गाव आणि शेवटी इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार. तिथून खाली माचू पिचू दिसते.

उंचीचे आकडे एकदा नीट पाहा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. ही वाट जिथे सुरू होते, तीच जागा सुमारे २,१०० मीटरवर आहे. सूर्यद्वार २,७०० मीटरच्या थोडे वर, माचू पिचू सुमारे २,४३० मीटर. आणि ज्या कुस्को शहरात विमान उतरते ते तर ३,४०० मीटरवर, कळसूबाईच्या दुप्पट! चढ स्वतः फार मोठा नाही. सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतका. पण अंतर लांब, हवा विरळ आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : एकदा आगगाडी निघून गेली की मधे कुठेही वाहन नाही. थकला म्हणून रिक्षा बोलावता येत नाही. पुढे सूर्यद्वार गाठायचे, नाहीतर आल्या वाटेने परत फिरायचे. म्हणूनच तयारी घरूनच व्हायला हवी.

कागदपत्रे : नावाचा घोळ

या वाटेवर एकट्याने जाता येत नाही. परवाना लागतो, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच तो काढावा लागतो आणि सोबत गाईड असावाच लागतो. रोज किती माणसे सोडायची याची मर्यादा ठरलेली आहे. मे ते ऑगस्ट हा कोरडा हंगाम. तेव्हाचे परवाने कित्येक महिने आधीच संपतात. आम्ही मे महिन्यातल्या चालण्यासाठी डिसेंबरातच खटपट सुरू केली. चार दिवसांची वाट फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद असते आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस, हेही ध्यानात असू द्या.

परवाना पासपोर्टवरच्या नावाने आणि क्रमांकाने निघतो. तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तारीखही बदलून मिळत नाही. वाटेच्या तोंडाशी मूळ पासपोर्ट पाहतात. झेरॉक्स चालत नाही. आता आपल्याकडची गंमत पाहा. आत्याच्या पासपोर्टवर तिचे नाव, आतोबांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही आहे. आमच्या एजंटने मधले नाव गाळून टाकले होते. मसुदा वाचताना आत्याच्याच लक्षात आले. तीस वर्षे हजेरीपट लिहिल्याचा फायदा! शिवाय तिचा पासपोर्ट सहा महिन्यांत संपणार होता. आधी परवाना काढला असता आणि मग पासपोर्ट नवा केला असता, तर क्रमांकच जुळला नसता. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी पासपोर्ट, मग परवाना, मग विमानाची तिकिटे.

भारतातून पेरूला थेट विमान नाही. युरोप, आखात किंवा अमेरिकेतून बदलून जावे लागते आणि ज्या देशात विमान बदलता तिथला व्हिसा लागतो का, हे आधीच पाहावे. पेरूच्या व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीकडूनच खात्री करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ऐनवेळी कळते. माचू पिचूच्या परिसरात पीतज्वराची भीती नसली, तरी पेरूहून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला मागितला जातो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्यांनी मात्र ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

डॉक्टरांचा सल्ला

आत्याच्या डॉक्टरांनी तिला हृदयाचा आलेख, साखर, रक्तातले हिमोग्लोबिन आणि ताणचाचणी असे सगळे करायला लावले. अहवाल चांगले आले. "रक्तदाब ताब्यात आहे, जा. पण हळू जा," एवढेच ते म्हणाले. उंचीवर होणाऱ्या त्रासासाठी एक गोळी मिळते, तिचाही विषय निघाला. पण आत्याला तरुणपणी सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते. ते ऐकल्यावर डॉक्टरांनी तिला ती गोळी द्यायचे टाळले आणि सांगितले, "तुमचं औषध म्हणजे सावकाशपणा." मैत्रिणीने घेतली म्हणून आपणही घ्यावी अशी ही गोळी नाही, हे यावरून कळेल.

मी डॉक्टरांकडे गेलेच नाही. राजगड चढून येणाऱ्या बाईला कसली भीती, असा माझा तोरा होता.

चार महिन्यांचा पाठ

आत्याने सवयीप्रमाणे वेळापत्रकच आखले. ते जसेच्या तसे देते, कारण साध्या माणसाला झेपेल असेच ते आहे.

पहिला महिना : आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटे सपाटीवर चालणे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने.

दुसरा महिना : पायऱ्या. आत्याला अजिंक्यतारा घरामागेच. मी मुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट सोडली आणि रोज संध्याकाळी जिना दहा वेळा चढले-उतरले. शेजारच्या वहिनींना वाटले, माझे काही हरवले आहे.

तिसरा महिना : दर रविवारी डोंगर, पाठीवर चार किलोचे ओझे घेऊन. वजनासाठी आत्याने जुने नकाशासंग्रह भरले होते. पुण्याच्या वाचकांना पर्वती आणि सिंहगड आहेत, नागपूरकरांना रामटेक, बडोदेकरांना पावागड, हैदराबादच्या मंडळींना गोवळकोंडा. गिरनारच्या पायऱ्या चढून दत्ताच्या पादुकांना गेलेल्या आपल्या घरच्या आजीला विचारा; पायऱ्यांबद्दल तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

चौथा महिना : सलग सहा तास चालण्याच्या दोन चाचण्या. आम्ही एकदा बारी गावातून कळसूबाई केले. उन्हाळा असल्याने पहाटे चढायला लागलो. ज्या बुटांनी, ज्या मोज्यांनी तिकडे चालायचे, तेच इथेही वापरले. नवे बूट घालून लांबच्या वाटेवर जाणे म्हणजे टाचेला फोड येण्याचे आमंत्रणच. शेवटच्या आठवड्यात फक्त हलके चालणे आणि विश्रांती.

उतरण्याचा सराव विसरू नका. इंकांच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर दुसरी गुडघाभर. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघे दुखतात. आत्याने दोन काठ्या घेतल्या आणि काठीने चालायचे शिकून घेतले. तिकडे दगडी वाट झिजू नये म्हणून काठीच्या टोकाला रबरी टोपी बसवलेली असावी लागते.

पाठीवरच्या पिशवीत काय हवे?

● मूळ पासपोर्ट आणि परवान्याची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत.
● दोन लिटर पाणी, पुन्हा भरता येईल अशा बाटलीत. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथे चालत नाहीत.
● पावसाचा पातळ अंगरखा. कोरड्या हंगामातही ढग केव्हा उतरेल याचा नेम नाही.
● पहाटेसाठी गरम कपड्यांचा एक थर, दुपारसाठी लांब बाह्यांचा सुती सदरा. उंचीवर ऊन जास्त भाजते आणि झाडीत चावणारी बारीक चिलटे असतात.
● टोपी, गॉगल, उन्हाचे मलम, कीटक दूर ठेवणारे मलम.
● फोडांसाठी पट्टी, डोकेदुखीची गोळी, जलसंजीवनीची पाकिटे, रोजची औषधे.
● कागदी रुमाल आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. वाटेवर स्वच्छतागृहे फार थोडी; माचू पिचूच्या आत तर नाहीच, प्रवेशद्वारापाशी आहे. मैत्रिणींनी मासिक पाळीची तारीख आधीच मोजून तशी सोय सोबत ठेवावी.

पिशवी लहानच असू द्या. मोठे सामान हॉटेलात ठेवता येते. आगगाडीत आणि माचू पिचूत मोठ्या पिशव्यांना मनाई आहे.

खाण्याचे काय? शाकाहाऱ्यांनी एवढे तीन शब्दसमूह पाठ करावेत : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. नुसते 'शाकाहारी' म्हटले तर भाज्यांचे सूप येते, पण ते कोंबडीच्या पाण्यात उकळलेले असू शकते. बाकी चिंता नाही. बटाटा मूळचा याच डोंगरातला! शेकडो जातींचे, जांभळे, पिवळे, लाल बटाटे बाजारात दिसतात. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्या बाजारात आत्या एकेक बटाटा हातात घेऊन असा पाहत होती, जणू माहेरची माणसे भेटली. वाटेसाठी आम्ही बंद पाकिटातली शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर नेले होते. ताजी फळे, बिया, घरच्या ओल्या वस्तू सीमेवर अडवतात, म्हणून त्या नेऊ नयेत.

माझी फजिती

आता कबुली. कुस्कोला विमान उतरले तेव्हा सकाळ होती. लिमा समुद्रकाठी, तिथून सव्वा-दीड तासात आम्ही ३,४०० मीटरवर! आत्या हॉटेलात जाऊन पडून राहिली. मी मात्र सान ब्लास या जुन्या वस्तीच्या चढावरच्या गल्ल्या भराभरा चढत फिरले, दगडाला दगड बेमालूम बसवलेल्या इंका भिंतींचे फोटो काढले, दुपारी भरपेट जेवले. संध्याकाळी डोके ठणकायला लागले. रात्री दोनदा उलटी झाली. झोप नाही, पाणी पोटात राहीना.

आत्या रात्रभर उशाशी बसली होती. मधूनमधून माझी नाडी मोजायची, जलसंजीवनीचे घोट पाजायची. पहाटे मी रडवेली होऊन म्हटले, "आता चालायचं कसं होणार?" परवाना परवाचा होता आणि तारीख बदलत नाही, हे दोघींनाही माहीत होते.

आत्या शांतपणे म्हणाली, "तू बरी झाली नाहीस, तर तुला खालच्या गावी ठेवून मी गाईडबरोबर एकटी जाईन."

खरे सांगते, क्षणभर वाईट वाटले. चार महिने मी तिला सांभाळायला चालले होते! मग लक्षात आले, की तिने तयारी केली होती ती जाण्यासाठी; माझ्या भरवशावर राहण्यासाठी नव्हे.

सुदैवाने तशी वेळ आली नाही. मधे एक मोकळा दिवस आत्याने हट्टाने ठेवून घेतला होता. मला तो वाया जाणारा वाटला होता. त्या दिवशी आम्ही सुमारे २,८०० मीटरवरच्या ओयांतायतांबो गावी उतरलो. सहाशे मीटर खाली आल्यावर दुपारपर्यंत डोके उतरले, संध्याकाळी भूक लागली.

म्हणून आमच्यासारखे करू नका. कुस्कोला उतरलात की त्याच दिवशी खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा, दोन रात्री तिथे काढा, मग चालणे करा आणि कुस्को शेवटी पाहा. पहिले दोन दिवस भराभर चालू नका, जड जेवू नका, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा, पाणी पीत राहा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे. तेव्हा आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी दम लागणे, ओला खोकला, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. लगेच खाली उतरा आणि इस्पितळ गाठा.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथल्या लोकांची ती जुनी रीत आहे. पण विमानतळावरून आठवण म्हणून ती पाने किंवा त्या चहाच्या पुड्या आणू नका. आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचे पान बसते.

वाटेवर

पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. एकशे चारच्या खुणेपाशी उतरलो, पूल ओलांडला. चौकीवर आत्याचे तिन्ही शब्दांचे नाव त्या कर्मचाऱ्याने अडखळत वाचले आणि शिक्का मारला. गाईडने पहिल्याच वळणावर नियम सांगितला : सर्वांत सावकाश चालणारा पुढे. आत्या पुढे झाली.

पहिले तीन तास उघड्या अंगाच्या डोंगरावरून तिरकी चढण. सावली कमी, खाली नदी आणि तिच्या काठाने खेळण्यासारखी दिसणारी आगगाडी. आत्याची चाल ठरलेली होती : शंभर पावले, मग दहा श्वास. तरुण मंडळी आम्हाला मागे टाकून गेली. त्यांतली काही पुढे दगडावर बसून धापा टाकताना भेटली. विन्याय वायनाजवळ धबधबा आला, झाडी गर्द झाली, ऑर्किडची फुले दिसू लागली. क्वेचुआ भाषेत या नावाचा अर्थ 'सदा तरुण'. तिथल्याच एका ऑर्किडचे ते नाव आहे. आत्याने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

दुपारी बाराच्या सुमारास त्या दगडी पायऱ्यांच्या शेतांपाशी आम्ही डबा खायला बसलो. आत्या मात्र बसेना. तिने काठी जमिनीवर उभी धरली आणि सावलीकडे टक लावून पाहत राहिली.

"उत्तर कुठे?" तिने गाईडला विचारले. त्याने हात दाखवला. सूर्य त्याच बाजूला होता आणि काठीची आखूड सावली दक्षिणेकडे पडली होती.

आपल्याकडे वर्षाचा बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावली उत्तरेला पडते. विषुववृत्ताच्या खाली, मे महिन्यात, नेमके उलटे. "एकतीस वर्षं मुलांना सांगितलं," आत्या म्हणाली, "पुस्तकात होतं म्हणून." मग तिने वहीत त्या सावलीचे चित्र काढले, वेळ लिहिली आणि चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला.

त्यानंतर दीड-दोन तासांची वाट. सूर्यद्वाराच्या अलीकडे पन्नासेक पायऱ्यांचा एक खडा टप्पा आहे. तिथे आत्याने काठ्या माझ्याकडे दिल्या आणि सरळ हात टेकून, शिडी चढावी तशी चढून गेली. "गुडघ्यापेक्षा हात बरे," म्हणाली. कुणाला काय वाटेल याची पर्वा न करणे हीसुद्धा तयारीच!

सूर्यद्वारात पोचलो तर समोर पांढरा ढग. माचू पिचू कुठेच दिसेना. वीस मिनिटे थांबलो, मग उतरू लागलो. वाटेत ढग तुकड्यातुकड्यांनी विरला. आधी एक भिंत, मग हिरव्या पायऱ्या, मग सगळे नगर. उतारावर तोलून धरलेल्या त्या दगडी बांधांकडे पाहून आत्या म्हणाली, "माचू म्हणजे आपली माचीच की गं!" या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, क्वेचुआत माचू पिचू म्हणजे जुने शिखर. पण राजगडाच्या माच्या पाहिलेल्या कुणालाही असेच वाटले असते.

त्या बांधांच्या पोटात दगड, खडी, वाळू असे थर आहेत. पावसाचे पाणी त्यांतून झिरपून जाते, म्हणून इतक्या पावसातही डोंगर ढासळला नाही, असे गाईडने सांगितले. वर दिसते त्यापेक्षा खाली केलेले काम अधिक मोलाचे, हे ऐकून मला आमच्या जिन्याच्या खेपा आणि तो मोकळा दिवस आठवला.

संध्याकाळी बसने पायथ्याच्या गावी उतरलो. आत्याचा गुडघा सुजला होता. बर्फाने शेकून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नगर पाहायला आली. नगर नीट पाहायला दुसरा दिवस हवाच. त्याचे तिकीट परवान्यात धरले आहे की वेगळे काढावे लागेल, हे पैसे भरण्याआधी संस्थेला विचारून घ्या. तसेच डोंगरावरचे चालणे धरलेला प्रवासविमा काढायला विसरू नका.

परतल्यावर मी सर्वांत आधी डॉक्टरांकडे जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन कमी निघाले. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. पस्तिशीच्या धडधाकट बाईने!

आणि साताऱ्याला आत्या पुन्हा रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाते. आता तिच्याबरोबर आणखी एक जण असते : "किती किलो?" असे विचारणारी तिची धाकटी जाऊ. कुठे जायचे ते तिने अजून ठरवलेले नाही. पायऱ्या मात्र मोजायला लागली आहे.